यादीत नसलेली ओळ

१

दिवा लागला, पण संगणक गप्प राहिला.

डॉक्टरांनी केबल काढून पुन्हा खोचली. तळहातावर मावेल एवढ्या त्या पांढऱ्या यंत्रावर चार्जिंगचा हिरवा दिवा इमानेइतबारे लागला. संगणकाच्या पडद्यावर मात्र काही म्हणजे काही उमटलं नाही. दुसरी केबल झाली, दुसरा संगणक झाला, शेजारच्या खोलीतला तिसराही झाला. समोरच्या खुर्चीत तीन महिन्यांच्या मुलीला छातीशी धरून तिची आई बसली होती.

यंत्र श्वास मोजायचं. बाळाच्या अंगावर आठ दिवस बांधायचं, नवव्या दिवशी दवाखान्यात आणून संगणकाला लावायचं. लावल्यावर ते पेनड्राइव्हसारखं उघडावं आणि आतली नोंद डॉक्टरांना वाचता यावी, इतकी साधी गोष्ट होती. या मुलीला आधी चार दिवस रुग्णालयात ठेवून पाहिलं, तेव्हा तिला काहीच झालं नव्हतं. घरी नेल्यावर मात्र आठ दिवसांत दोनदा निळी पडली. श्वास आधी थांबला की हृदय आधी मंदावलं, याचं उत्तर त्या डबीत होतं आणि डबी बोलायला तयार नव्हती.

"पुन्हा आठ दिवस नोंद घेऊ या का?" मदतनीस बाईंनी विचारलं.

"म्हणजे पोरीला पुन्हा दोनदा निळी पडू द्यायचं?" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कंपनीला फोन लावला.

मंगळवार होता. दुपारपर्यंत सतरा दवाखान्यांतून तीच तक्रार आली. सगळी यंत्रं नव्या खेपेची, दोनशे चाळीसांतली. संध्याकाळी मालकांनी खेपेचा चाचणी अहवाल मागवला. प्रत्येक यंत्रापुढे 'यूएसबी जोडणी: पास' असं लिहिलेलं होतं. दोनशे चाळीस वेळा पास, आणि खाली चाचणी प्रमुखांची ठसठशीत सही.

२

ती सही करणारी बाई बुधवारी सकाळी आठ वाजता भावाच्या दारात उभी राहिली. पण तिला भाऊ नको होता.

"वहिनी आहे का तुझी... म्हणजे बायको?" तिनं विचारलं. गडबडली की ती नाती उलटीपालटी करायची, आणि ती सहसा गडबडत नसे. भावाच्या लगेच लक्षात आलं, की हे प्रकरण आपल्या आवाक्यातलं नाही. तो चहा टाकायला आत पळाला.

त्याची बायको याच कंपनीत नऊ वर्षं ड्रायव्हर लिहायची. ड्रायव्हर म्हणजे यंत्राच्या एकेका भागाला कामाला लावणारं सॉफ्टवेअर. ओळ न् ओळ वाचल्याशिवाय ती पुढे सरकत नसे, म्हणून तिथे तिला सगळे भिंगबाई म्हणत. नोकरी नणंदेनंच लावून दिली होती. सहा वर्षांपूर्वी भिंगबाईंनी ती नणंदेला न विचारता सोडली आणि शिकवायला सुरुवात केली. तेव्हापासून दोघींमधलं बोलणं वाढदिवस नि आजारपण यांपुरतं उरलं होतं.

"वन्सं, आत या ना."

"बसायला नाही आले. आधी ऐक." नणंद उंबऱ्यातच उभी राहिली. "मी न तपासता सह्या ठोकल्या, असं म्हणतायत. सोमवारपर्यंत घरी बसा म्हणाले. एकोणीस वर्षं झाली मला तिथे. मला तुझी दया नको. चूक माझी असेल तर तसं तोंडावर सांग. पण शोधून सांग."

"मी कुणाची बाजू घेऊन शोधत नाही. नणंदेची तर नाहीच नाही."

"म्हणून तर तुझ्याकडे आले."

मग ती बसली. भिंगबाईंनी वही उघडली.

"चाचणी कशी केलीत ते सांगा. दर वेळी काय करता ते नको, या वेळी काय केलं ते सांगा."

"दर वेळी मी मशीन वेगळ्या संगणकाला लावते आणि त्यावर फाइल उघडून बघते. एकेकाला दोन मिनिटं लागतात. या वेळी वजीर म्हणाला, मशीन आता स्वतःच जोडणी तपासतं आणि स्वतःच्या पडद्यावर हिरवी खूण दाखवतं. मालकांनाही ते पटलं. मी केबल लावत गेले, खूण बघत गेले."

वजीर म्हणजे सॉफ्टवेअरचा प्रमुख. बैठकीत मालकांच्या उजव्या हाताला बसायचा, म्हणून हे नाव पडलं होतं.

"किती नापास झाली?"

"एकही नाही. तेच मला खुपत होतं गं. दर खेपेत सात-आठ तरी जातातच." नणंद क्षणभर थांबली. "आणखी एक. एका मशीनची हिरवी खूण मी लिहून घेतली, आणि बघते तर केबल टेबलावर पडलेली. मला वाटलं, मीच काढून ठेवली असेल."

भिंगबाईंची पेन्सिल थांबली.

"काढली होतीत का?"

"आता विचारशील तर..." नणंदेचा आवाज खाली गेला. "मी ती लावलीच नव्हती."

३

यंत्रातल्या सर्किट बोर्डाची आखणी करणारा माणूस इतका बारीक होता, की सगळे त्याला सुईदोरा म्हणत. चार गल्ल्या पलीकडे त्याचं वेगळं वर्कशॉप होतं. तिथे बोर्डावर भाग डागायच्या सोल्डरचा राळेसारखा वास भरलेला असायचा आणि टेबलावर नखाएवढे सुटे भाग पसरलेले असायचे. भिंगबाईंना पाहताच त्यानं हात वर केले.

"मला माहितीये तुम्ही का आलात. या खेपेत केबलचं सॉकेट मी बदललंय. म्हणजे खापर फुटायला दुसरं डोकं माझंच."

"फोडायला नाही, तपासायला आलेय. सुटा बोर्ड आहे?"

होता. केबलमध्ये दोन तारा विजेच्या असतात आणि दोन माहितीच्या. दिवा लागतो तो विजेच्या तारांवर. माहितीच्या तारा तुटल्या असत्या तर नेमका हाच प्रकार दिसला असता. सुईदोऱ्यानं मीटर लावून सॉकेटपासून मुख्य चिपपर्यंत दोन्ही तारा मोजून दाखवल्या. भिंगबाईंनी त्याच्या हातातून मीटर घेऊन पुन्हा स्वतः मोजल्या. तारा धडधाकट होत्या. दहा बोर्ड मोजले, दहाही तसेच.

"माझ्यावरचं बालंट टळलं?" त्यानं विचारलं.

"निम्मं. बोर्ड वेळेवर दिले होते का?"

तो ओशाळला. "तीन आठवडे उशीर झाला. पण त्यामुळे काही अडलं नाही हो. बोर्ड पोचले त्याच दिवशी सॉफ्टवेअर तयार होतं. वजीर म्हणाला, यूएसबीचं सगळं करून, चालवून ठेवलंय."

"चालवून?"

"हो, तसंच म्हणाला."

"जे सॉकेट अजून जन्माला आलं नव्हतं, त्याच्यावर?"

सुईदोऱ्यानं हातातला बोर्ड उलटा करून सॉकेटकडे पाहिलं.

४

कंपनीत वजीरानं भिंगबाईंचं हसून स्वागत केलं. त्यांच्या जुन्या टेबलाशेजारचीच खुर्ची पुढे केली.

"या, या. नणंदबाईंसाठी धावपळ ना? वाईट वाटतं हो. पण सही ती सही."

"मला कर्नलची यादी बघायची होती."

कर्नल म्हणजे यंत्राच्या सॉफ्टवेअरचा गाभा. तो तयार करण्याआधी एक लांबलचक यादी भरावी लागते. त्यात चार हजारांहून जास्त ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत एकच सवाल असतो, की हा ड्रायव्हर आत घ्यायचा का. घेतला तर 'होय', नाही तर 'नको'. यूएसबीच्या दारावर बसणाऱ्या चिपला कंट्रोलर म्हणतात. जगात अनेक जातींचे कंट्रोलर आहेत, म्हणून यादीत त्यांचाही एक लहानसा गट असतो. आपल्या बोर्डावर जो असेल त्याला 'होय' म्हणायचं, बाकीच्यांना 'नको'.

वजीरानं काही आढेवेढे न घेता फाइल उघडली. "ही बघा. याच यादीवरून खेपेचा कर्नल बनलाय. आपला कंट्रोलर होय. पेनड्राइव्हचं सोंग घेणारा भाग होय. कुठे बोट ठेवाल?"

खरंच, बोट ठेवायला जागा नव्हती.

"हिची प्रत मिळेल?"

"न्या की. लपवण्यासारखं काय आहे? आणि पहिली तक्रार करणाऱ्या त्या डॉक्टरांचं मी मार्गी लावलंय. उद्या अकरा वाजता आमचा माणूस जाऊन मशीन इकडे आणेल. नवं सॉफ्टवेअर भरलं की झालं."

"भरताना आतली मेमरी पुसली जाते ना?"

"ती नोंद तशीही गेल्यातच जमा आहे," वजीर म्हणाला. हे म्हणताना तो पहिल्यांदाच त्यांच्याकडे न बघता खिडकीकडे बघत होता.

घरी आल्यावर भिंगबाई जेवणाच्या टेबलावर बसल्या. एका बाजूला वजीराची यादी, दुसऱ्या बाजूला जुन्या खेपेची, जी नणंदेकडच्या दप्तरात होती. नवरा दोनदा येऊन गेला, एकदा चहा ठेवून आणि एकदा तोच गार झालेला चहा उचलून. नणंद समोर बसून जुनी यादी मोठ्यानं वाचत होती आणि भिंगबाई नवीवर टिंबं देत होत्या.

कंट्रोलरांचा गट आला. नणंद वाचत गेली, "नको, नको, होय, नको..."

"थांबा. किती झाले?"

"अकरा."

"माझ्याकडे दहाच आहेत."

"मग एक काढून टाकला असेल. नको असेल तो."

"नाही ना, वन्सं! हेच तर." भिंगबाई उठून उभ्या राहिल्या. "ही यादी माणूस हातानं लिहीत नाही, एक प्रोग्रॅम लिहितो. तो नको असलेल्याचीसुद्धा ओळ लिहितो, की हा नको. होय म्हणा नाही तर नको म्हणा, ओळ राहतेच. ती अजिबात नाहीशी व्हायला कुणीतरी फाइल उघडून बोटानं खोडावी लागते."

"कुठला गायब आहे?"

भिंगबाईंनी जुन्या यादीतल्या त्या नावावर पेन्सिल टेकवली आणि सावकाश खाली बसल्या.

"जो कुठल्याच बोर्डावर नसतो तो."

५

गुरुवारी सकाळी साडेनऊला भिंगबाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा त्यांच्याबरोबर नणंद होती आणि सोल्डरची पेटी घेतलेला सुईदोराही होता. डॉक्टरांनी तिघांकडे संशयानं पाहिलं.

"कंपनीनं सांगितलंय, मशीनला हात लावू नका."

"डॉक्टर, अकरा वाजता कंपनी ते नेईल आणि आतली नोंद पुसेल," भिंगबाई म्हणाल्या. "मला एक तास द्या. मी काही पुसणार नाही. जमलं नाही तर मशीन आहे तसं तुमच्या हातात देईन."

"जमण्याची खात्री आहे?"

"नाही. पण बिघाड कुठे आहे त्याची आहे."

डॉक्टरांनी बाहेर बाकावर बसलेल्या आईकडे एकदा पाहिलं आणि यंत्र टेबलावर ठेवलं.

सुईदोऱ्यानं झाकण उघडलं. बोर्डाच्या कडेला मोहरीएवढे तीन तांब्याचे ठिपके होते. कारखान्यात दुरुस्तीसाठी ठेवलेली ती मागची वाट होती. त्यानं श्वास रोखून तीन केसाएवढ्या तारा जोडल्या. भिंगबाईंनी त्या आपल्या लॅपटॉपला लावल्या. पडद्यावर पासवर्डाची मागणी आली.

"बदललाय," भिंगबाई पुटपुटल्या. "माझ्या वेळचा चालत नाहीये."

"सरक," नणंद म्हणाली आणि तिनं दोन बोटांनी टकटक करत तो भरला. "चाचणीवाल्यांना नवा द्यावाच लागतो."

भिंगबाईंनी पहिली आज्ञा दिली, या यंत्रात यूएसबी कंट्रोलर किती आहेत ते दाखव.

बोर्डावर चिप एकच होती. पडद्यावर मात्र दोन नावं उमटली.

"दोन?" सुईदोरा पुढे वाकला. "मी एकच बसवलाय! शपथेवर सांगतो!"

"तुमचा दुसरा आहे. पहिला कुणीच बसवलेला नाही." त्यांनी आणखी दोन आज्ञा दिल्या. पहिलीनं पेनड्राइव्हचं सोंग पहिल्या नावावरून सोडवलं, दुसरीनं ते दुसऱ्या नावाला बांधलं. "डॉक्टर, आता केबल लावा."

डॉक्टरांनी केबल खोचली. संगणकातून टिंग असा लहानसा आवाज आला आणि पडद्यावर एक खिडकी उघडली. तिच्यात एकच फाइल होती, आठ दिवसांची.

डॉक्टरांनी फाइल आधी उतरवून घेतली, मग दुसरी प्रत केली, मग तिसरी, आणि एक प्रत घेऊन घाईघाईनं आतल्या खोलीत गेले.

तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. कंपनीचा माणूस यायचा होता, तो आला नव्हता. दारात डॉक्टरांना स्वतः भेटायला आलेले मालक उभे होते आणि त्यांच्या मागे, मशीन न्यायला आलेला वजीर. उघडं पडलेलं यंत्र आणि त्यातून निघालेल्या तीन तारा बघून वजीराचा चेहरा पांढराफटक पडला.

६

"हे काय चाललंय?" मालकांनी विचारलं. "सोमवारपर्यंत घरी बसायला सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"बसणार होते," नणंद म्हणाली. "पण आधी ऐकून घ्या. हिचं."

भिंगबाईंनी सुरुवात केली. "कंट्रोलर न बसवताही काम करता यावं म्हणून कर्नलमध्ये एक बनावट कंट्रोलर असतो. तो निव्वळ सॉफ्टवेअरचा. त्याच्या एका टोकाला मशीन पेनड्राइव्ह बनून उभं राहतं, आणि दुसऱ्या टोकाला तेच मशीन संगणक बनून तो पेनड्राइव्ह बघतं. केबलही लागत नाही. बोर्ड तीन आठवडे आलेच नव्हते, पण वजीरांचं काम थांबलं नाही. ते याच्यावर चाललं. यात काहीही गैर नाही, मीही करायचे. पण बोर्ड आले की त्याला नको म्हणायचं असतं. ते राहून गेलं."

"पुरावा?" वजीर कोरड्या आवाजात म्हणाला. "माझ्या यादीत तो नाहीच."

"नाही, हे खरं. होय म्हणूनही नाही आणि नको म्हणूनही नाही. दहा नावं आहेत, अकरावी ओळच नाही. प्रोग्रॅम असं कधी करत नाही. मंगळवारी तक्रारी आल्यावर घाईत हातानं खोडली की असं होतं."

"हा तर्क झाला."

"झाला. म्हणून मशीनलाच विचारलं." त्यांनी लॅपटॉप मालकांकडे वळवला. "तुमच्याच यादीत आणखी एक ओळ आहे, होय म्हणून. कर्नल बनवताना ही सगळी यादी त्याच्या पोटात ठेवायची, असं सांगणारी. तुम्ही तुमच्या फाइलीतली प्रत सुधारलीत. पोटातली कशी सुधारणार? ती दोनशे चाळीस मशीनांत आहे. ही त्यातली एक. वाचा."

मालकांनी चष्मा लावून वाचलं. बनावट कंट्रोलर, होय.

"म्हणून एकही मशीन नापास झालं नाही," नणंद हळूच म्हणाली. "केबल लावा, नका लावू. ते स्वतःलाच बघत होतं."

"आणि म्हणूनच आज अकरा वाजता मशीन पुसायची घाई होती," भिंगबाई म्हणाल्या.

वजीर खुर्चीवर बसला. सगळा रुबाब उतरला होता.

"मंगळवारी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं," तो म्हणाला. "सांगायला उठलोही होतो. तेवढ्यात साहेबांनी अहवाल मागवला, बाईंचं नाव निघालं आणि मी... परत खाली बसलो."

"उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाले.

"थांबा, माझं संपलेलं नाही," भिंगबाई म्हणाल्या. "दोन कंट्रोलर असले तरी मशीन खऱ्याकडे जाऊ शकलं असतं. सुरू होताना एक छोटा प्रोग्रॅम चालतो, तो कंट्रोलर निवडतो. त्यात लिहिलंय, सापडलेल्या कंट्रोलरांतलं पहिलं नाव घे. बनावट कंट्रोलरचं नाव अक्षरांच्या क्रमात आधी येतं. कंट्रोलर एकच असणार असं गृहीत धरून ती ओळ कुणीतरी लिहिली होती. काल आठवली मला. माझीच आहे. दहा वर्षांपूर्वीची."

मालकांनी चष्मा काढला. "हे कुणी विचारलं नव्हतं तुम्हाला."

"यांनी विचारलं होतं." त्यांनी नणंदेकडे बोट केलं. "चूक कुणाची ते तोंडावर सांग, म्हणाल्या होत्या."

नणंदेनं पदरानं चष्म्याची काच पुसली, मग दुसरी पुसली. मग ती मालकांकडे वळली.

"याला काढू नका. आत्ता तर नकोच. आणखी दोनशे एकोणचाळीस मशीनं बाहेर आहेत, आणि प्रत्येकात कुणाच्या तरी पोराची नोंद अडकलेली आहे. हा प्रत्येक दवाखान्यात जाईल. काय झालं ते स्वतःच्या तोंडानं सांगेल, नोंद काढून देईल आणि मगच नवं सॉफ्टवेअर भरेल. ते मी माझ्या संगणकावर तपासल्याशिवाय एकही मशीन हलणार नाही. हे झालं की मग काढायचं का ते ठरवा."

मालकांनी मान हलवली. ती होकाराची होती. पुढे त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, बहुतेक माफीचं, पण आतलं दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले. ते थेट बाकाकडे गेले.

"श्वास आधी थांबतोय," ते आईला म्हणाले. "दोन्ही वेळा. सतरा सेकंद आणि एकवीस सेकंद. हृदय त्याच्यानंतर मंदावतंय, म्हणजे दुखणं हृदयाचं नाही. याला औषध आहे. आजच दाखल करून घेतो."

आईनं मुलीला जरा घट्ट धरलं. तिनं फक्त विचारलं, "आज म्हणजे आत्ता?"

"आत्ताच."

वजीर उठला. कुणी ढकललं नव्हतं. तो बाकापाशी जाऊन उभा राहिला, आणि एरवी मालकांच्या बैठकीत घडाघडा बोलणाऱ्या त्या माणसाला शब्द जुळवायला वेळ लागला.

"तुमच्या मशीनमध्ये चूक माझी होती. मला ती दोन दिवसांपूर्वी कळली होती, तरी मी सांगितली नाही. आज मी तुमची नोंद पुसायला आलो होतो."

मुलगी जांभई देऊन पुन्हा झोपली.

"अशी अजून मशीनं आहेत ना?" आईनं विचारलं.

"आहेत."

"मग इथे कशाला उभे आहात? जा ना."

सुईदोरा पेटी आवरू लागला. नणंदेनं पर्समधून दवाखान्यांची यादी काढली, पहिल्या नावावर नख ओढलं आणि दारातून मागे वळून भिंगबाईंना म्हणाली, "तुझी ती ओळ दुरुस्त कोण करणार? तुझी शिकवणी किती वाजता आहे?"

"चारला."

"आज रद्द कर," नणंद म्हणाली आणि गाडीकडे निघाली. भिंगबाईंनी लॅपटॉप मिटला, काखेत मारला आणि तिच्यामागून पायऱ्या उतरल्या.